तानाबाईंचे तीन थांबे

गारगोटीजवळच्या वाडीतल्या तानाबाई सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीकडं निघाल्या की तीनदा थांबत. आधी पाण्याच्या टाकीपाशी, मग शाळेच्या भिंतीला टेकून, मग चिंचेखाली. चालताना डावी पोटरी कुणी आतून पिळावी तशी आवळून यायची आणि उभं राहिलं की हळूहळू सैल पडायची. कुणी विचारलंच तर म्हणत, "एष्टीला थांबं असत्यात, मला नगंत व्हय?"

शेवटी सून वर्षाराणी त्यांना कोल्हापूरला घेऊन गेली. पायाची रक्तवाहिनी चोंदली होती. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या. दुकानातली दुखण्याची गोळी परस्पर घ्यायची नाही, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं बजावलं. मग विचारलं, "आजी, तंबाखू खाता?"

"न्हाय बा."

वर्षाराणीनंही मान हलवली. खोटं दोघीही बोलल्या नव्हत्या. तंबाखू बाप्ये खातात. बायका मिश्री लावतात, ती दातांसाठी. सासूचा पाय दुखतो म्हणून दर आठवड्याला तव्यावर तंबाखू काळी करून, चुरून डबी भरायची ती वर्षाराणीच.

पंधरा दिवसांत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तानाबाईंना वाटलं, गोळी तोंडाला बाधली. हिरड्या घट्ट व्हाव्यात म्हणून त्यांनी मिश्री वाढवली आणि गोळ्या कुणाला न सांगता लुगड्याच्या घडीत ठेवून दिल्या.

महिन्यानं पाय गार पडला, बोटं काळीनिळी झाली. पुन्हा कोल्हापूर.

"दात कशानं काळे झाले, आजी?"

"मिश्रीनं."

"ती कशाची करता?"

"तंबाखूचीच की," तानाबाई म्हणाल्या. वर्षाराणीनं आपली बोटं पदराखाली घेतली.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आता तानाबाई गोळी चुकवत नाहीत. नसलेली पोटरी दुखते म्हणतात, ते डॉक्टरांनाही खरं वाटतं. डबीचं नाव घरात कुणी काढत नाही. एकदाच त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "तुजा काय गुन्हा न्हाय पोरी. भाज म्हणून मीच सांगायचो." वर्षाराणी त्या दिवशी जेवली नाही.

किटली हल्ली तीच नेते. टाकीपाशी थांबते, भिंतीपाशी थांबते, चिंचेखालीही थांबते. शेजारची धोंडुबाई विचारते, "का गं, तुजाबी पाय दुखतोय व्हय?"

"न्हाय वं, आक्का," ती म्हणते आणि किटली दुसऱ्या हातात घेते.