साल्मेच्या कॅलेंडरातले कोरे शनिवार

साल्मेच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेलेला माणूस हातातली कॉफी खाली ठेवतो. टेबलासमोरच कॅलेंडर टांगलेलं, आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारच्या चौकटीत पारदर्शक चिकटपट्टीखाली मेलेल्या गोचिडी. कुठे एक, कुठे चार. प्रत्येकीशेजारी पेन्सिलीनं एक अक्षर, म्हणजे ती कुणाच्या अंगावरून निघाली त्याचं. माझं अक्षर त्यात पुष्कळदा आहे. एका मे महिन्यात तर इतक्यांदा होतं की माझी बायको लाइने म्हणाली, "व्हिल्लू, तुझं रक्त गोड असेल रे. तुझी जीभ त्यांनी अजून चाखलेली नाही म्हणून."

आमच्या सारेमा बेटावर सरकारी सामुदायिक शेती होती तेव्हा साल्मे पशुवैद्याची मदतनीस होती. शेती मोडली, पशुवैद्य शहरात गेला, चिमटा तिच्याकडे राहिला. नवरा तिला नव्हता. होणार होता एक, बोटीवरचा. तो गेला तो गेलाच. त्याबद्दल माझ्याकडे तीन वेगवेगळ्या हकिकती आहेत आणि तिन्ही मी छातीठोकपणे सांगत आलोय. आज त्या राहू देत.

गावाचा शिरस्ता असा की शनिवारी दुपारी वाफेच्या न्हाणीचा सौना तापत घालायचा, आणि तो तापेपर्यंत साल्मेच्या बंदिस्त ओट्यावर जायचं. तिथे खिडकीशेजारी तीन पायांचं स्टूल. तुम्ही गवत कापलेलं असो, मेंढ्या हाकलेल्या असोत की नुसती बोरं वेचलेली असोत, शर्ट काढून त्यावर बसायचं.

"हात वर. मान खाली. हलू नकोस, गायसुद्धा तुझ्याहून शहाण्यासारखी उभी राहते."

काखा, कानामागची जागा, केसांची कड, कमरपट्ट्याखालची रेघ, गुडघ्यामागची लवण. बाकी सगळं तुमचं तुम्हाला दिसतं, पाठ दिसत नाही, म्हणून पाठीवर ती जास्त वेळ घालवायची. गोचीड सापडली की चिमटा अगदी कातडीला टेकवायचा, तिला तोंडापाशी धरायचं आणि सरळ वर ओढायचं. सावकाश, पीळ न देता. मग साबण, मग स्पिरिट, मग चिकटपट्टी आणि कॅलेंडर.

"महिनाभर त्या जागेवर लक्ष ठेव. लाल गोल पसरायला लागला तर माझ्याकडे धावत येऊ नकोस, डॉक्टरकडे जा. तारीख भिंतीवर आहे."

एंडेल तिचा शेजारी. मधे फक्त दगडी कुंपण. चाळीस मेंढ्या, किनाऱ्यालगतचं कुरण, आणि ट्रम्पेट. आमच्या गावच्या बँडमधला सर्वांत जुना वाजवणारा. त्याची बायको आइनो गेली तेव्हा कबरीवर त्यानं स्वतःच वाजवलं, आणि तेव्हापासून दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, दफनभूमीत सगळा गाव आपापल्या माणसांच्या कबरी झाडून फुलं लावतो त्या दिवशी, तिच्यासाठी वाजवायचा. एरवी तो आठवड्यात दहा शब्द बोलायचा. आइनोशी बोलायचं राहिलेलं सगळं त्या एका गाण्यात जायचं असं लाइने म्हणते. लाइने असं काही म्हणाली की मी थट्टा करतो. तेव्हा नाही केली.

आइनो गेल्यानंतरच्या पहिल्या वसंतात साल्मेनं कुंपणावरून विचारलं, "एंडेल, तुझी पाठ कोण बघतं?"

तो फाटकाची कडी चाचपू लागला. "कोणी नाही."

"मग शनिवारी ये."

तो आला, आणि पहिल्याच शनिवारी तिचं डोकं फिरलं. त्याच्या पोटरीवर लोणी फासलेलं. एंडेलची आई गोचिडीला लोणी लावून वाट बघायची, म्हणून तोही लावायचा.

"काढ ते! गुदमरली की ती पोटातलं सगळं तुझ्या रक्तात ओकते, कळतं का? लोणी पावाला लाव."

"माझी आई नव्वद वर्षं जगली."

"तुझी आई तुझ्यासारखी हट्टी होती, मरायलाही तयार नव्हती."

चार वर्षं हे असं चाललं. तिसऱ्या वर्षी साल्मेनं त्याला पांढरेशुभ्र लांब मोजे विणून दिले. त्यात पँट खोचायची, म्हणजे खालून चढणारी गोचीड पांढऱ्यावर दिसते आणि पँटच्या आत शिरत नाही. एंडेल म्हणाला, "शाळकरी पोर दिसतो मी." पण घातले. साल्मेनं मला कधी मोजे विणून दिले नाहीत हे मी मनात टिपून ठेवलं.

आता माझं. तीस वर्षं मी दुधाची गाडी चालवली. दर सकाळी चौदा घरांची दारं, चौदा घरांच्या गोष्टी. दूध डेअरीत पोचायचं, गोष्टी पुढच्या दारात. निवृत्त झालो आणि दूध थांबलं, एवढाच फरक.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका शनिवारी मी साल्मेची करवत परत द्यायला गेलो. ओट्याचं दार उघडं होतं. स्टुलावर साल्मे बसली होती, दाराकडे पाठ करून, ब्लाउज खांद्यांवरून खाली. मागे एंडेल, नाकावर चष्मा, हातात चिमटा, प्रार्थनेचं पुस्तक वाचावं तसा तिच्या पाठीवर वाकलेला. मला कधी सुचलंच नव्हतं की साल्मेलाही पाठ आहे.

"हलू नकोस," एंडेल म्हणाला. "गायसुद्धा तुझ्याहून..."

आणि साल्मे हसली. साठ वर्षं मी तिला ओळखतो, असं हसताना ऐकलं नव्हतं. मी खोकायला हवं होतं. मी करवत तिथेच भिंतीला टेकवली आणि चवड्यांवर चालत परत आलो. ती गोष्ट गुरुवारपर्यंत पोटात ठेवली, आणि माझ्यासाठी ते फार झालं.

गुरुवारी पावाची गाडी येते. चालवणारी क्रिस्टा खाली उतरून दार उघडते तोवर सात-आठ जण रांगेत असतात. साल्मे पुढे होती. मी मधे. एंडेल आला, पँट पांढऱ्या मोज्यांत खोचलेली, हातात कापडी पिशवी.

मी म्हणालो, "क्रिस्टा, या नवरदेवाला आधी दे गं. दोघांची वयं मिळून दीडशे, पण दर शनिवारी गोचिडींचं निमित्त आणि अंगातले शर्ट बाहेर! आधी ही त्याला तपासते, मग तो हिला तपासतो. सापडत काही नाही, शोध मात्र थांबत नाही!"

रांग हसली. क्रिस्टा म्हणाली, "व्हिल्लूकाका, तुम्ही जळताय," आणि रांग आणखी हसली. माझं वाक्य चांगलं जमलं होतं, हे मला मान्य करायला हवं.

एंडेलचे कान लाल झाले. त्यानं पिशवीची घडी केली, आणखी एक घडी केली, खिशात घातली आणि पाव न घेता घरी गेला. साल्मेनं तिचा काळा पाव घेतला, माझ्याजवळून गेली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी रस्त्यात नाहीच.

शनिवारी एंडेल आला नाही. पुढच्याही शनिवारी नाही. साल्मे दोन कप मांडून बसायची, हे मला लाइनेनं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात ती कुंपणापाशी गेली. मी झुडपापलीकडे होतो, मुद्दाम नव्हतो.

"एंडेल, माझ्यावर राग धर. स्वतःच्या पाठीवर कशाला?"

"राग नाही गं."

"मग?"

"लोकांना तुझ्या नावानं बोलायला का द्यायचं?"

"माझं नाव चौऱ्याहत्तर वर्षांचं आहे. त्याला आता काय व्हायचंय? ये तू."

तो मेंढ्यांकडे गेला. मोजे त्यानं धुवून, घडी करून तिच्या फाटकावर ठेवले होते.

जुलैत मी त्याला कुरणावर गाठलं. गवत कंबरभर, तो अर्ध्या चड्डीत, पोटऱ्यांवर लोण्याची चकाकी.

"अरे, मस्करी होती ती."

"माहीत आहे."

"मग जा ना तिच्याकडे."

"गरज नाही. लस घेतलीय मी."

लस आम्ही सगळ्यांनीच घेतलीय. ती मेंदूज्वरासाठी. गोचिडीकडून येणारा दुसरा आजार, तो लाल गोल पसरवणारा, त्या लशीला जुमानत नाही, त्याला वेळेवर गोळ्याच लागतात, हे साल्मे दर शनिवारी घोकून घ्यायची. मला ते तोंडपाठ होतं. तेव्हा मी ते एंडेलला सांगितलं नाही. ऊन होतं, मला वाद नको होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्या नजरेला नजर द्यायची नव्हती.

ऑगस्टचा शेवटचा रविवार. दफनभूमीत वाळूवर दंताळ्याच्या ताज्या रेघा, सगळीकडे फुलं. पाद्रीबाईंचं बोलणं झालं, एंडेल आइनोच्या कबरीपाशी उभा राहिला आणि ट्रम्पेट ओठांना लावलं. पहिला सूर आलाच नाही. नुसती हवा, फाटक्या भात्यासारखी. त्यानं ओठ पुसले, पुन्हा लावलं. तेव्हा सगळ्यांना दिसलं. तोंडाची डावी बाजू खाली लोंबत होती, डावा डोळा मिटत नव्हता आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. त्याला स्वतःला ते आदल्या सकाळपासून माहीत होतं. थंडी लागली असेल, वाजवताना सुटेल, असं तो समजला होता. तिसऱ्यांदा त्यानं वाजवलं. मेंढी खोकते तसा आवाज आला. मग त्यानं ट्रम्पेट कबरीवरच्या फुलांत ठेवलं, आडवं.

लोक मागे सरकले. साल्मे पुढे झाली. सगळ्या गावादेखत तिनं त्याचा कोट काढला, शर्ट वर केला. दोन खांद्यांच्या मधोमध, कडा फिकट होत आलेलं, ताटलीएवढं लाल वर्तुळ.

"हलू नकोस," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिनं म्हटलं नाही.

गाडी माझी होती, म्हणून शहरातल्या दवाखान्यात मीच नेलं. साल्मेनं वाटेत घरापाशी थांबवून भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं. डॉक्टर तरुण पोरगी होती. तिनं विचारलं, "गोचीड कधी लागली, आजी? साधारण तारीख?"

साल्मेनं कॅलेंडर टेबलावर पसरलं. एप्रिल, मे, जूनचे पहिले दोन शनिवार: दर चौकटीत एंडेलचं अक्षर. त्यानंतर बाकीच्यांची अक्षरं होती. एंडेलचं एकही नव्हतं. दहा-अकरा शनिवार.

"इथेच कुठेतरी," साल्मे म्हणाली आणि त्या शनिवारांवरून बोट फिरवलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

तीन आठवडे शिरेतून औषध दिलं. डोळा मिटायला लागला, लाळ थांबली, तोंड बरंचसं वर आलं. ओठांची पकड आली नाही. डॉक्टर म्हणाली, चेहऱ्याच्या नसेचं सांगता येत नाही, उशीर झाला. ऑक्टोबरात त्याची मुलगी माइरे तार्तू शहरातून आली. "बाबा, इथे तुमच्याकडे कोण बघणार?" असं ती अंगणात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, आणि कुंपणापलीकडे साल्मे बटाटे काढत होती, तिनं मान वर केली नाही. मेंढ्या दुसऱ्या गावी गेल्या. एंडेल आता तिच्याकडे तार्तूत, पाचव्या मजल्यावर राहतो. तिथे गवत नाही, म्हणजे गोचिडीही नाहीत. फोनवर त्याचं बोलणं पूर्वीइतकंच कमी आहे, आणि जे आहे ते नीट कळत नाही.

गुरुवारच्या रांगेत हल्ली मी गप्प उभा असतो. क्रिस्टा विचारते, "काका, तब्येत बरी नाही का?"

या मे महिन्यात मी साल्मेच्या ओट्यावर गेलो. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल. तिनं स्टुलाकडे बोट केलं. पाठ पाहिली, कमरेवरची एक काढली, धुतली, नव्या कॅलेंडरावर चिकटवली आणि शेजारी माझं अक्षर काढलं. गायीबद्दल काही म्हणाली नाही.

मग मला समोरच्या भिंतीवर आरसा दिसला. त्याच्या समोर, दाराच्या चौकटीवर, दुसरा. दोन्ही खिळे नवे.

"साल्मे," मी म्हणालो, "पाठ फिरव. मी बघतो."

तिनं चिमटा स्पिरिटमध्ये बुडवला. "तू बघशील रे, व्हिल्लू. आणि गुरुवारी?"

 मी शर्ट घातला आणि घरी आलो. लाइनेचा हातआरसा घेतला, कपाटाच्या आरशाकडे पाठ करून उभा राहिलो, आणि मान दुखेपर्यंत सगळ्या बाजूंनी वळून पाहिलं. खांदे दिसतात, कंबर दिसते. दोन खांद्यांच्या मधली जागा आरशात येत नाही.