डाव्या गालावरची मोकळी जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धाकट्या भावालाही नाही. एका म्हातारीला सांगितलं, तेही परवा-परवा, आणि तेही तिनं विचारलं म्हणून. आता तुम्हाला सांगतोय. हसू आलं तर हसा, सुरुवात तशी हसण्यासारखीच आहे.

गोष्ट दाढीची आहे. म्हणजे — नीट न येणाऱ्या दाढीची.

अजिबात येत नव्हती असं नाही. हनुवटीवर येई, उजव्या गालावर बऱ्यापैकी येई. डाव्या गालावर मात्र रुपयाएवढी जागा कोरी. आणि मिशी नाकाच्या बरोबर खाली दुभंगलेली. बियाणं खोटं निघालेल्या मेथीच्या वाफ्यासारखं तोंड दिसायचं. वय बावीस-तेवीस. त्या वयात माणूस आरशात काय बघतो? मी तेवढी जागाच बघायचो.

उपाय सगळे केले. आमच्या पिंपरी पेंढारात कांद्याला तोटा नाही. कांद्याचा रस चोळून झोपायचो. आई म्हणायची, उशीला वास येतोय. रोज वस्तरा फिरवला की दाट येते असं कुणी सांगितलं, तेही केलं. मग तऱ्हा सुरू झाल्या. पूर्ण दाढी ठेवली तर आजारी दिसायचो. फ्रेंच कट ठेवला तर मिशीचं टोक दाढीला मिळेना. तलवारकट कोरून घेतली, तर तलवार मधेच मोडलेली. लांब कल्ले ठेवले तेव्हा सलूनवाला स्वतःच म्हणाला, "नको राव, डावा लटकल्यावानी दिसतोय."

तेव्हा मी पारगावला मोटारी भरायच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायच्या दुकानात कामाला होतो. ऊसपट्टा, हंगामात विहिरीवरच्या मोटारी जळायच्या आणि आमचं दुकान रात्री उशिरापर्यंत चालायचं. म्हणून तिथंच खोली घेतली होती — आक्कांकडे. आक्का विधवा, बोलायला कडक, हाताला सढळ. त्यांचा मुलगा बाळू माझ्याच वयाचा. बाळूची मिशी! अशी की चहा प्यायला तरी निम्मा चहा तिच्यातच राहावा. संध्याकाळी ओट्यावर चार पोरं जमली की तो मला बघून ओरडायचा, "पावणं, तुमच्या मिशीचा एक फेज गेलाय. मोटारी भरता, एवढं दुरुस्त करा की!" मी सगळ्यांबरोबर हसायचो. खोलीत जाऊन आरसा भिंतीकडं फिरवून ठेवायचो.

एका उन्हाळ्यात कांदा काढायला पंधरा दिवस घरी गेलो. ऊन असं की डोकं बारीक करून घेतलं. परत येताना नारायणगावला गाडी बदलायची होती. स्टँडसमोरच्या सलूनमध्ये बसलो आणि एकदम म्हणालो — काढून टाका, मिशीही काढा. कटकट नको.

आता तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुमच्या लक्षात आलंच असेल. बाप जिवंत असताना आमच्याकडं कुणी मिशी काढत नसे. दहाव्याला काढायची, नदीवर. शहरातल्या पोरांनी हे कधीच सोडलं होतं, पण पारगावात आक्कांच्या ओट्यावर नाही. मला हे माहीत नव्हतं का? होतं. पण खुर्चीत बसलो तेव्हा फक्त बाळू डोळ्यांपुढं होता, अण्णा, माझे वडील, नव्हते.

ओट्यापाशी पोचलो. पंधरा दिवस गायब, डोकं बारीक, मिशी नाही. आक्कांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आरं द्येवा... वडील गेले का रं?"

मागं बाळू उभा होता. त्याच्याकडं बघून काय सांगणार होतो — की वडील धडधाकट आहेत, कांद्याला पाणी देतायत, आणि मी मिशी काढली कारण ती येत नाही?

मी मान खाली घातली. बोललो काहीच नाही. आजही मनाशी म्हणतो, मी खोटं बोललो नाही. पण मान खाली घालणं म्हणजे काय असतं ते तुम्हालाही कळतं आणि मलाही.

बाळूनं पुढं होऊन माझ्या हातातली पिशवी घेतली. त्यानंतर माझ्या तोंडावरून तो कधी एक शब्द बोलला नाही. आक्का रोज ताट पाठवायच्या. "बिनबापाचं लेकरू," म्हणायच्या, आणि मी ते ताट खायचो. खरं सांगू? बरं वाटायचं. हेच सगळ्यात वाईट आहे. उद्या सांगू, परवा सांगू, करत वर्ष गेलं, आणि मग सांगण्याची वेळच निघून गेली असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षीच्या पितृपक्षात एक दिवस दुपारी जेवायला आलो तर ओट्यावर अण्णा बसलेले. पांढरी टोपी, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, शेजारी वांग्यांची पिशवी. सहज आले होते, पोराला बघायला. आक्का आतून बाहेर येत होत्या. मला श्वास घ्यायलाही वेळ नव्हता.

"आक्का, हे आमचे चुलते," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या बिनमिशीच्या ओठावर बघितलं. आणि आक्कांना म्हणाले, "व्हय, चुलता."

आक्कांना आनंदच झाला. त्या दिवशी त्यांच्या मालकांचं पितर होतं, आणि शेजारी एक पान त्यांनी माझ्या वडिलांच्या नावानं वाढायला घेतलं होतं. मला न सांगता. पितर म्हणून जेवायला कुणीतरी पाहुणा बसवावा लागतो. "देवानंच धाडलं तुमाला," आक्का म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या नावानं तुमीच बसा."

आणि माझे वडील स्वतःच्या पितराला जेवायला बसले. आक्कांनी कपाळाला गंध लावलं. खीर, वडे, गवारीची भाजी, कढी. कावळ्याचा घास पत्र्यावर ठेवला. मी दाराला टेकून उभा होतो. अण्णा शांतपणे जेवले. म्हणाले, "माज्या भावाला खीर लई आवडायची. वाढा अजून." आक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, कसे होते हो? अण्णा म्हणाले, "सादा माणूस व्हता. एकच खोड. पोरगं म्हणंल ते खरं धरायचा."

स्टँडवर सोडायला गेलो. बराच वेळ गाडी आली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, रागानं नाही, पीकपाणी विचारावं तसं. "माजी लाज वाटती का रं?"

नाही हो अण्णा — मिशी येत नव्हती! एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायला इतकं बारीक, इतकं पोरकट वाटलं की मी गाडी येते त्या बाजूला बघत राहिलो. गाडी आली. माझ्या गप्प बसण्याचा जो अर्थ निघायचा तो घेऊन ते चढले.

पारगावला ते पुन्हा कधी आले नाहीत. पुढं मी नारायणगावला स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा यायचे, पण रस्त्याच्या पलीकडं थांबायचे. दुकानातलं गिऱ्हाईक गेलं की मगच आत. मी बघायचो आणि हातातली मोटार खोलत राहायचो. लग्नाला आक्कांना बोलावलं नाही, कसा बोलावणार? दिवाळीला एकटाच फराळ घेऊन त्यांच्याकडं जायचो, बस्स.

मग अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. दाढी स्वतः करायचे ते बंद झालं आणि महिनाभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. एका रविवारी मी गरम पाणी घेऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची वाढलेली दाढी जवळून बघितली. डाव्या गालावर रुपयाएवढी जागा कोरी. मिशी ओली केली, तर नाकाखाली दुभंगलेली. उजवीकडचे केस लांब ठेवून ते तिकडून इकडं वळवून बसवायचे. रोज सकाळी, त्या खिडकीतल्या एवढ्याशा आरशात — आणि आम्हाला वाटायचं, काय रुबाबदार मिशी आहे अण्णांची!

हात थांबला माझा. या माणसाला सांगितलं असतं तर तो किती हसला असता! मिशी कशी वळवायची ते त्यानंच शिकवलं असतं. मी सुरुवात केली, "अण्णा, तवा पारगावला —" ते जड जिभेनं म्हणाले, "बोलू नको. वस्तरा हाय हातात." त्यांना कळलं होतं का? माहीत नाही. मी दाढी पुरी केली. नंतर आणखी बऱ्याच रविवारी केली, आणि एकदाही बोललो नाही.

गेल्या महिन्यात ते गेले. दहाव्याला नदीवर मिशी काढली, या वेळी खरोखरची. पिंड ठेवला. मी मनात वाक्य जुळवत होतो, आता तरी सांगावं म्हणून, तेवढ्यात कावळा शिवलासुद्धा. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नाही बघा. मी ती माफी समजत नाही. कावळ्याला भूक लागली असेल.

तेराव्यानंतर पारगावला गेलो. आक्का आता खूप थकल्यात, दिसतं कमी. बाळू चाकणला कंपनीत असतो. ओट्यावर त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी सवयीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं ओठावर थांबली.

"आता कोण गेलं रं?"

"वडील," मी म्हणालो.

"ते तर मागंच..."

"नाही आक्का. आत्ता गेले."

त्यांनी हळूच विचारलं, "मंग त्यो खीर खाऊन गेला त्यो?"

"तेच."

"आन् तवा मिशी का काढली व्हतीस?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "येत नव्हती, आक्का," मी म्हणालो. "मधेच तुटायची. बाळू हसायचा."

त्यांची बोटं माझ्या गालावर सरकली, डाव्या, आणि तिथं थांबली. काही सापडलं नाही तशी पुन्हा चाचपली.

"येवढ्यासाटी बाप मारलास व्हय रं?"

"व्हय," मी म्हणालो.

बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. रागावतील, उठून आत जातील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "खीर दोनदा मागून घेतली व्हती त्यांनी. आता पित्तर तुज्या घरी घाल. मला न्यायला ये. मी सांगन तशी खीर कर." आणि मग, "दाढी वाढू दे. हाय तशी."

ती आता वाढतेय. बायको म्हणते, एका बाजूनं कोरून घ्या, बरं दिसेल. मी नको म्हणतो. काल सकाळी ती दुकानात डबा घेऊन आली, माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, डाव्या बाजूनं तुम्ही अगदी मामंजींसारखे दिसता. गिऱ्हाईक होतं समोर. मी म्हणालो, "हो. त्यांचाच मुलगा आहे मी."