शेवटची शिट्टी होईपर्यंत

शेफालीनं काही खाल्लं असेल का, हा एकच प्रश्न नम्रताच्या डोक्यातून जात नव्हता. मोबाइल तांब्याला टेकवून ती मांजरी गावात चाललेली मुलींच्या कबड्डीची फायनल बघत होती. खेळ कसला, ती गर्दीत लेकीचा चेहरा शोधत होती.

शेफाली चोवीस वर्षांची, आयटीत नोकरीला. शाळेत असताना ती धायरीच्या याच संघातून खेळायची. चढाईला गेली की रिकाम्या हातानं परतायची नाही. सोळाव्या वर्षी शुगर निघाली, इन्सुलिनची सुई मागे लागली आणि नम्रतानं तिला संघातून काढलं. लग्न जमेपर्यंत बाहेर कुणाला कळायला नको, असं घरात ठरलं. प्रशिक्षक जयसिंग सरांना सांगितलं, अभ्यास वाढलाय. खेळ सुटला, संघ मात्र सुटला नाही. रजा काढून ती प्रत्येक सामन्याला जायची. संघ पडला की घरात सुतक. ‘ते हरले’ असं तिच्या तोंडून कधी आलं नाही. ‘आपण हरलो’ म्हणायची.

गेल्या वर्षी सेमीफायनलला टेन्शननं तिच्या घशाखाली घास उतरला नाही आणि हातचा गेलेला सामना संघानं खेचून आणला. तेव्हापासून शेवटची शिट्टी होईपर्यंत ती तोंडात काही घालत नाही.

“खेळणार त्या, आणि उपास हिला. वा!” ती निघताना तिचे बाबा इंद्रजीत म्हणाले होते.

“बाबा, आज नाट लावू नका हं.”

“सुई घेतलीस ना? मग खायला नको?”

“पर्समध्ये ग्लुकोज आहे. मॅच संपली की पहिलं तेच. प्रॉमिस.”

पण आधीचे सामने लांबत गेले आणि दुपारची मॅच अंधार पडल्यावर सुरू झाली. सामन्यात फोन बंद, हाही शेफालीचाच नियम. इंद्रजीत स्कूटर घेऊन तिच्याकडे निघाले होते, त्यांचा मघाशीच फोन आला होता : “स्वारगेटला अडकलोय गं. इंचभर हलत नाहीये काही.”

तेवढ्यात धायरीच्या मुलींनी समोरची चढाई पकडली आणि कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. सगळे उड्या मारत होते. पहिल्या रांगेत एकटी शेफाली बसून होती. केस कपाळाला चिकटलेले. मैदान सोडून भलतीकडेच बघत ती मंद हसत होती. दोन वर्षांपूर्वी शुगर उतरून ओट्यापाशी कोसळण्याआधी ती अशीच हसली होती.

मध्यंतर झालं. तिच्या आजूबाजूला सगळे अनोळखी. समोर, दहा पावलांवर, जयसिंग सर मुलींना पाणी देत उभे होते. त्यांनी ‘खा’ म्हटलं तर शेफाली विष खाईल. पण सरांना कळलं की उद्या सगळ्या धायरीला कळणार. रविवारी तिला बघायला येणार होते.

येऊ देत, नाहीतर न येऊ देत.

पडद्यावरचं चित्र जाऊ नये म्हणून नम्रतानं मोबाइल उचललाच नाही. लँडलाइनचा रिसीव्हर उचलला आणि सरांचा नंबर फिरवला. रिंग जात होती. पडद्यावर सर अजून मुलींना पाणीच देत होते. लाइव्ह थोडं मागं चालतं, तिनं स्वतःला बजावलं. पण किती मागं? मग शेफाली आत्ता, या क्षणी, कशी आहे?

“हॅलो? कोण?”

“सर, शेफालीची आई बोलतेय. तुमच्या मागंच बसलीय ती. तिला शुगर आहे, सर. शाळेत होती तेव्हापासून.”