मोरपिशी वाडगा

"घरचं हाय गो, काय होत नाय," असं म्हणत खाला समोरच्याच्या तळहातावर लाडू ठेवायची आणि त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटायची. म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. प्रेमानं जीव घेणारी. मी हे उगाच म्हणत नाही.

रियाधच्या आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या बंद वसाहतीत, ती तळमजल्यावर राहायची. मूळची रत्नागिरीकडची, सगळ्यांचीच खाला, म्हणजे मावशी; नवरा गोदामात स्टोअरकीपर. हॅलोविनला कंपाउंडमधली पोरं भुतं बनून दारोदार खाऊ मागतात. बाकीचे चॉकलेटं देतात. खाला शेंगदाण्याचे लाडू वळायची. "भूत झालं तरी पोरच ना? उपाशी कसं धाडू?"

माझ्या सहा वर्षांच्या भाचीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे घसा सुजतो, श्वास अडकतो, मांडीत इंजेक्शन टोचावं लागतं. खालाला हे मी पाच वेळा सांगितलं.

"आमच्या टायमाला असलं काय नव्हतं."

"होतं, खाला. पोर गेलं की तुम्ही दृष्ट लागली म्हणायचात."

तिनं शेंगदाण्यांची परात बाजूला सारली. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी ॲलर्जीबद्दल मी घरोघर वाटलेलं पत्रक, चार भाषांतलं, ज्यात माझे दोन शुक्रवार गेले ते, तिच्या लाडवांच्या डब्यात तळाला अंथरलेलं! "कागद बरा जाड हाय," म्हणाली.

मग मी कंपाउंडभर नियमच केला. दारात मोरपिशी वाडगा असेल तर त्यात खायचं काहीही नाही. स्टिकर, पेन्सिली, खोडरबरं, बस. भाचीनं फक्त त्याच वाडग्यांत हात घालायचा. खालाच्या दारात माझाच एक वाडगा ठेवून तो मी स्वतः भरला. लाडू आत, टेबलावर. तिनं मान डोलावली.

संध्याकाळी आम्ही तिच्या दाराशी पोचलो, तोवर स्टिकर संपले होते. आणि वाडग्यात लाडू! मी "थांब" म्हणेपर्यंत भाचीनं एक उचलून नाकाशी नेलाही होता.

"आत्या, ये कटोरा झूठ बोल रहा है."

मी दारातच ओरडले. "एक भांडं, खाला! एक भांडं रिकामं राहिलं असतं तर काय बिघडणार होतं?"

"पोर दारात नि भांडं रिकामं? शेजारणीचं भांडं मी परत करतानासुद्धा कधी रिकामं..."

भाचीला जवळ घ्यायला तिनं हात पुढे केले, आपल्या तेलकट बोटांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले. मी पोरीचे हात साबणानं धूत होते. तेव्हाही माझं तोंड चालूच होतं.

उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याची नोकरी संपली, फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, लागला. निघायच्या दिवशी ती वाडगा परत द्यायला आली. "चारदा धुवलाय. हुंगून बघ."

रिकामा नव्हताच! कपड्यांच्या उरलेल्या तुकड्यांत शिवलेली, केसांना लावायची रबरं आत दाबून भरली होती. कधी शिवली, कोण जाणे. मला साधं "सॉरी, खाला" म्हणायचं सुचलं नाही.

यंदाच्या हॅलोविनला तो वाडगा मी आमच्याच दारात ठेवला. पोरांनी रबरं भराभर नेली. शेवटचं एक उरलं, हिरव्या फुलांचं. ते भाचीच्या वेणीला लावायला मी उचललं, तर तिनं माझा हात धरला.

"रहने दो, आत्या. कटोरा खाली नहीं छोड़ते."