आक्काच्या चुलीवर केरळचा इष्टू

माझ्या मुलाच्या, सागरच्या लग्नाला आक्का आली नाही. त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी माझ्या थोरल्या बहिणीनं सुनेचं तोंड पाहिलं नव्हतं. आमची आई लवकर गेली. मला आक्कानंच वाढवलं. जालन्यात पाइपांचं दुकान माझ्या हिमतीवर उभं केलं असं मी चारचौघांत सांगतो, पण त्या हिमतीला भाकरी कुणी घातली ते मला ठाऊक आहे. त्यामुळे आक्कानं सुनेला जवळ घेतलं नाही तोवर हे लग्न अर्धंच झालंय, असं मला वाटत राहायचं.

अंजू केरळची, पालक्काडकडची. सागरला ती पुण्यात भेटली, दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मी फोनवर बोलावलं तेव्हा आक्का म्हणाली होती, "सह्या करून लगीन व्हतंय ना? मंग माझं काय काम? मला तर सही येत न्हाई." आणि फोन ठेवला.

परवा अंजू चार दिवस जालन्याला आली. सागरला सुट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तीच म्हणाली, "बाबा, आत्याकडे जाऊ. मला बोलायला नीट येत नाही. शिजवायला येतं. इष्टू करते."

इष्टू म्हणजे नारळाच्या दुधातली भाज्यांची पातळ आमटी. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बहीण तुमची. तुम्हीच निस्तरा. माझे गुडघे दुखतात." तिचे गुडघे नेमके अशाच वेळी दुखतात.

ज्यांना या बाजूला यायचंय त्यांच्यासाठी सांगतो. जालन्याहून अंबडमार्गे घनसावंगीची एसटी धरायची. बायकांना अर्धं तिकीट, आणि खिडकी मिळाली तर थंडीत हा रस्ता फार छान. कापूस वेचणीला आलेला, मधूनच उसाचे हिरवे पट्टे, ट्रॅक्टरमागे अडकलो की निवांत बघायला वेळच वेळ. अंबडला गाडी थांबते तेव्हा गरम भजी घ्या, मिरची मागून घ्या. घनसावंगीहून गोदाकाठच्या गावांना जीप जातात. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि ती भरलीय की नाही हे आपण ठरवायचं नसतं.

जीपमध्ये मागच्या सीटवर दोन बायका कुजबुजत होत्या. माझे कान दुकानदाराचे. गिऱ्हाईक बायकोला हळूच काय म्हणतं ते ऐकण्यातच हयात गेली.

"लेक हाय का सून?"

"सूनच. लेकीची पिशवी बाप उचलत न्हाई, सुनेची उचलून राह्यलाय बघ."

पिशवी खरंच माझ्या मांडीवर होती. बटाटे, गाजर, शेंगा, वाटाणे, आल्याचा तुकडा, कढीपत्ता आणि तीन नारळ. नारळ मी स्वतः आणले होते, पूजेच्या सामानाच्या दुकानातून. आपल्याकडे नारळ दुसरीकडे कुठून आणणार? चांगली शेंडी बघून घेतले होते.

आक्काचं घर गावाच्या कडेला, मागं वावर. दाजी, म्हणजे आक्काचे मालक, ओट्यावरच बसले होते. "या पाव्हणं! रस्ता सापडला म्हणायचा." अंजू पाया पडली. आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आणि पाणी आणायला आत गेली. पाणी दिलं, चहा दिला, सागर कसा आहे विचारलं. सगळं मला विचारलं. अंजूकडे एकदाही पाहिलं नाही.

अंजूनं पदर खोचला आणि पिशवी उघडली. एकेक नारळ कानाशी धरून हलवला. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, यात पाणी नाही."

आपण नारळाची शेंडी बघतो, आणि ती आतलं पाणी ऐकत होती. देवापुढं फोडायचा आणि तुकडा तुकडा वाटायचा म्हटल्यावर आत काय आहे ते कोण विचारतो? एवढी वर्षं धंदा केला, पण माल न तपासता उचलला.

तरी तिनं कोपऱ्यातला कोयता उचलला. दाजी ओट्यावरून ताडकन उठले. "आगं, थांब पोरी! बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतो!"

अंजू गोंधळली. "पण आमच्याकडे आई रोज सकाळी फोडते."

"रोज?" आक्का पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"रोज. दोन."

 कोयता दाजींनी घेतला. पहिल्या नारळात नुसता वाळका गोटा निघाला. दुसरा नासका, वास पार ओट्यापर्यंत आला. "देवाला पावला," दाजी म्हणाले, पण कुणी हसलं नाही. तिसऱ्यात खोबरं होतं, तेही चिवट, दूध निघेल असं नव्हतं. अंजू भाज्यांच्या पिशवीपुढं तशीच बसून राहिली. डोळे भरलेले. बोलता येत नाही म्हणून शिजवायला आलेली पोर ती, आता शिजवणंही हातचं गेलं होतं. मी म्हणालो, "घनसावंगीला जाऊन आणतो." पण नवी जीप कधी भरणार?

आक्का उठून देवघरात गेली. बाहेर आली ती हातात एक नारळ घेऊन. तिनं तो कानाशी नेला, हलवला. आतलं पाणी मलाही ऐकू आलं.

दाजींनी हात पुढं केला, तर आक्कानं तो बाजूला सारला. नारळ अंजूच्या पुढ्यात ठेवला.

"तुमच्यात रोज फोडतेत ना? मंग फोड."

अंजूनं डाव्या हातात नारळ धरला, कोयत्याच्या बोथट बाजूनं फिरवत फिरवत टोले दिले आणि दोन सरळ वाट्या केल्या. पाणी वाटीत धरलं, थेंब सांडला नाही. दाजी म्हणाले, "हिनं आपलं काम खाल्लं की!"

खवणी त्या घरात नव्हतीच. वीज गेलेली, त्यामुळे मिक्सरचा उपयोग नव्हता. आक्का कुणी न सांगता पाट्या-वरवंट्यापाशी बसली. अंजूनं तुकडे करून द्यायचे, आक्कानं वाटायचे, मग दोघींनी धुतलेल्या फडक्यातून पिळायचं. पहिलं दाट दूध बाजूला ठेवलं. चोथ्यात पाणी घालून पुन्हा पिळलं, ते पातळ. कांदा, आलं, हिरवी मिरची, दालचिनी, लवंग, मिरे तेलावर हलकेच परतले, लाल होऊ दिले नाहीत. त्यात भाज्या आणि पातळ दूध घालून मऊ शिजवलं. शेवटी दाट दूध घालून लगेच चुलीवरून उतरवलं, कारण ते उकळलं की फाटतं. वरून कढीपत्ता आणि चमचाभर खोबरेल.

"डोक्याचं तेल!" दाजी ओरडले.

"तुमाला काय, टकलाला लावा," आक्का म्हणाली.

तोवर हिरवट पांढरा वास अंगणभर पसरला होता. वासाला रंग नसतो, कबूल, पण त्या दिवशी होता. ज्वारीच्या भाकरीसोबत इष्टू वाढला. आक्कानं पहिला घास घेतला, बराच वेळ चावला.

"दवाखान्यातलं खाणं हाय," ती म्हणाली. मग ठेच्याचा गोळा ताटात घेतला, त्यात कालवला आणि परत मागून घेतलं. "गोड हाय, पण पोटाला बरं वाटून राह्यलंय."

निघताना तिनं अंजूला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, नवा खण दिला, ओटीत गहू घातले. नारळाच्या जागी सुक्या खोबऱ्याची वाटी.

दाजी माझ्या कानाशी आले. "त्यो नारळ हिच्याच ओटीचा व्हता, पाव्हणं. लगीन झाल्याचं कळलं त्या दिवशीच खण अन् नारळ देवापशी ठिवला. नारळ वाळला की देवाला फोडायचा, दुसरा आणायचा. किती झाले कुणास ठाऊक. तुमी काही येईनात."

"मंग एक फोन करायचा ना, आक्का!" मी म्हणालो.

"मी कामून करू?" ती गाठ मारता मारता म्हणाली. "सून मी आणायची का तू?"

परतीच्या एसटीत अंजू ओटीची गाठ मांडीवर धरून झोपली. मी जागा होतो. आम्ही जालन्यात बसून आक्काचा राग मोजत होतो आणि ती तिकडं नारळ बदलत होती. माणसाचं बोलणं ऐकण्यात मी हुशार आहे असा माझा समज होता. आक्काचं न बोलणं मला एवढ्या वर्षांत ऐकता आलं नाही.

ओटीच्या गव्हाची बायकोनं खीर केली, कारण ते गहू घराबाहेर जाऊ द्यायचे नसतात. आम्ही खात बसलो होतो, तेवढ्यात आक्काचा फोन आला. मी उचलला तर म्हणाली, "तू न्हाई, तिला दे."

फोन स्पीकरवर होता. "तुझ्या आईला घिऊन ये माझ्याकडं," आक्का म्हणाली.

"आत्या, आईला मराठी बिलकुल येत नाही."

"मला कुठं तिची बोली येती? चुलीपशी बसू दोघी. काय करायचं ते हातांनीच कळतंय."