गालावरचा उजेड

आमच्या बैठकीत एक चित्र टांगलंय. पडद्यातून गाळून आलेल्या मंद उजेडात बसलेली एक बाई. ते बघितलं की मला माझीच शिसारी येते.

चित्रकलेच्या वर्गात शांताबाई मॉडेल म्हणून आमच्यासमोर बसायच्या. मी त्यांचा चेहरा सतराशे वेळा रंगवला आणि सतराशे वेळा उकडलेलं वांगं तयार झालं. नाक तर एवढं लांबलं, की त्याचं टोक शेजारच्याच्या कागदावर गेलं. शेवटी सर म्हणाले, "सरका जरा." माझाच ब्रश घेऊन त्यांनी गालावर एक फटकारा मारला आणि चित्रात दुपार झाली.

प्रदर्शनात अख्खं गाव त्या गालापाशी थबकलं. "काय उजेड पकडलाय हो!" मी निर्लज्जासारखा मान लववत होतो. दुसऱ्याचा उजेड आपल्या नावावर खपवला, की तो घशात अडकतो. तेवढ्यात शांताबाई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, गाल सरांचा. मी समोरच बसले होते ना."

"मग माझं काय?"

"नाक. त्यावर कुणी हक्क सांगणार नाही."

आता कुणी गालाची तारीफ केली, की मी त्याला हाताला धरून नाकापाशी नेतो.