पाया लेबारला युरोपची रंगीत तालीम

सांगतो, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी ही फजिती सांगितली तेव्हा एकाने हसता हसता आमच्या नव्या सोफ्यावर चहा सांडला, आणि बाकीचे हसण्यात इतके दंग होते की फडकं घेऊन मलाच उठावं लागलं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. इथे सिंगापुरात बेडोकच्या घरून तांजोंग पगारच्या ऑफिसला जाताना एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, कितव्या दारातून चढलं की उतरल्यावर सरकता जिना बरोब्बर समोर येतो, हे मला पाठ आहे. अशा माणसाच्या हाती युरोपची सहल लागली तर तो काय करेल? एक्सेल उघडेल! आणि मग जेवायलासुद्धा उठणार नाही.

बेत झकास होता. जूनच्या शाळेच्या सुट्टीत प्राग, ब्रनो, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा. सगळी शेजारशेजारची शहरं. जायचं आगगाडीने, राहायचं हॉस्टेलवर. थेट गाडी महाग पडते, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी रडतखडत जाणारी स्वस्त गाडी शोधली होती. फक्त एका जंक्शनवर ती बदलायची. त्या जंक्शनचं नाव माझ्या जिभेवर अजून बसलेलं नाही, पण गाडी बदलायला मिळणारा वेळ मात्र डोक्यात पक्का बसला होता. सहा मिनिटं!

जाणार कोण? मी, बायको मृदुला, बारा वर्षांची लेक ईरा. आणि चौथ्या ओळीत 'आई', पुढे प्रश्नचिन्ह.

आई एकोणसत्तरची. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी झाली, आता वर्षातले काही महिने आमच्याकडे असते. मला काळजी वाटत होती हो! सहा मिनिटांत गाडी बदलायची, बॅगा ओढायच्या, हॉस्टेलच्या खोलीत वरच्या पलंगावर चढायचं. तिला झेपलं नाही तर? पण हे तिला तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. ते काम ईराने केलं.

"आजी, पप्पांनी तुझ्या नावापुढे क्वेश्चन मार्क लावलाय, यू नो."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "म्हणजे माझं नक्की नाही का?"

"तसं नाही गं आई," मी म्हणालो. "दगदग आहे फार."

"मग बघ तपासून. जमलं तर येईन, नाही जमलं तर बसेन इथे."

आता शहाण्या मुलाने काय करावं? "छे, तुझं नक्कीच आहे" म्हणावं आणि विषय संपवावा. मी काय केलं? परीक्षेची तारीख काढली!

शनिवारी पहिला पेपर. ईराच्या खोलीतल्या दुमजली पलंगावर चढून दाखवायचं. आईने पदर खोचला आणि चार पायऱ्या चढून वर जाऊन बसली. "पंखा जवळ येतो रे, छान वारा लागतो," म्हणाली. शिडी कशी धरायची ते दाखवायला मी चढलो आणि कपाळ छताला आपटलं. टेंगूळ आलं. शीटमध्ये मी आईपुढे 'ठीक' एवढंच लिहिलं, टेंगळासाठी रकाना नव्हता.

रविवारी सकाळी खरी तालीम. बेडोकला गाडीत बसायचं, पाया लेबारला उतरायचं, वरच्या फलाटावरून खाली जमिनीच्या पोटात सर्कल लाइनच्या फलाटावर जायचं आणि दुसरी गाडी पकडायची. सहा मिनिटांत. पुढचं स्टेशन डकोटा, आणि तिथलं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांचा बाजार, हे आमचं 'हॉस्टेल'.

मृदुलाने हात जोडले. "मला यात धरू नकोस. मी घरी बसून तुमची वाट बघते."

नियम मी स्वतः केले होते. एक, बॅगा खऱ्या वजनाच्या हव्यात. कपडे कुठे काढत बसता? एका बॅगेत तांदूळ आणि तूरडाळीच्या पिशव्या भरल्या. दुसऱ्या बॅगेत आईने आधीच कुकर घालून ठेवला होता. हॉस्टेलला सामायिक स्वयंपाकघर असतं हे कळल्यापासून ती खिचडीच्या तयारीतच होती. दोन, लिफ्ट आणि सरकता जिना विसरायचा, कारण छोट्या स्टेशनांवर ते असतीलच असं नाही. तीन, परदेशात फोन चालला नाही तर? म्हणून सगळ्यांचे फोन बंद करून माझ्या गळ्यातल्या पिशवीत. चार, गाडी कुणासाठी थांबत नाही. जो मागे राहील तो राहील, बाकीच्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून वाट बघायची.

"पप्पा, धिस इज क्रेझी, लाह," ईरा इथल्या ढंगात म्हणाली.

पाया लेबारला दार उघडलं, मी घड्याळ लावलं आणि ओरडलो, "चला!" रविवारची निवांत माणसं दचकून बाजूला झाली.

दोन्ही बॅगा घेऊन मी जिन्याकडे धावलो. मधल्या मजल्यापर्यंत कसाबसा आलो. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पन्नाशीला टेकलेल्या माणसाने दोन जड बॅगा एकदम उचलू नयेत. मग मी अगदी आपल्या गावाकडच्यासारखं केलं. एक बॅग भिंतीशी उभी केली, दुसरी घेऊन खाली उतरलो. दोन फेऱ्या! सोपं की नाही?

खाली फलाटावर बघतो तर आई आणि ईरा माझ्या आधी हजर!

"तुम्ही कशा आलात?"

"लिफ्टने," आई म्हणाली. "तिथल्या बाईंना विचारलं, त्यांनी दाखवली."

"नियम दोन!" मी दम खात म्हणालो. "ही बॅग धर, मी दुसरी आणतो."

आणि पुन्हा वर पळालो.

वर पोचलो तर माझ्या बॅगेभोवती चांगली ऐसपैस मोकळी जागा झालेली. एक गणवेशातले गृहस्थ वॉकीटॉकीवर बोलतायत, स्टेशनच्याच एक बाई लोकांना लांबून जायला सांगतायत. सिंगापूरमध्ये स्टेशनवर बॅग सोडून जाऊ नका, हे मी वर्षानुवर्षं रोज ऐकतोय. रोज! मला वाटायचं, ते इतरांसाठी आहे.

"सर, दिस वन युअर्स, आह?"

"येस, येस! सॉरी!"

"व्हॉट इज इनसाइड?"

आता मला सांगा, या प्रश्नाला 'टॉवेल' असं उत्तर असतं तर काय बिघडलं असतं? पण मी खरं बोललो. "प्रेशर कुकर."

गृहस्थांनी वॉकीटॉकी पुन्हा तोंडाशी नेली. बाई एक पाऊल मागे सरकल्या.

"फॉर खिचडी!" मी घाईने म्हणालो. "राइस अँड दाल. वी आर गोइंग टू युरोप."

"फ्रॉम पाया लेबार?"

मग मी समजावू लागलो. नाही, हा सराव आहे, माझ्या आईची परीक्षा आहे, ती खाली आहे, तांदूळ तिच्याकडे आहे. जितकं जास्त समजावलं तितका त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. शेवटी बॅग उघडली. कुकर निघाला, कुकरमध्ये शिट्टी, शिट्टीशेजारी हिंगाची डबी. डबीचं झाकण सैल होतं. वास असा काही दरवळला की माझा खरेपणा तिथल्या तिथे सिद्ध झाला.

"ओके, सर. कॉल युअर मदर."

मी गळ्यातली पिशवी उघडली. आत तीन फोन. माझा, ईराचा आणि आईचा.

 सहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. बॅग उचलून खाली पळत गेलो, तर फलाटावर कुणी नव्हतं. नियम चार! माझी एकोणसत्तर वर्षांची आई, माझी लेक, डाळतांदळाची जड बॅग, आणि दोघींपैकी एकीकडेही फोन नाही. तिला काही झालं असतं तर? कुणासाठी हा खेळ मांडला होता मी? खरं सांगतो, त्या थंडगार फलाटावर मला घाम फुटला.

माझ्यामागून आलेल्या त्या गृहस्थांना मी सांगितलं, "माय मदर इज लॉस्ट! ओल्ड लेडी, विथ अ लिटल गर्ल!"

तेवढ्यात त्यांची वॉकीटॉकी खरखरली. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं, गळ्यातल्या पिशवीवर नजर थांबवली आणि त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, "सर, डकोटा साइडला एक आंटी आहेत. त्यांचा मुलगा हरवलाय, असं त्यांनी कळवलंय. गळ्यात पिशवी, कपाळावर टेंगूळ, बहुतेक जिन्यावर सापडेल म्हणाल्या."

मी हरवलो होतो! रीतसर नोंद होऊन!

डकोटाच्या हॉकर सेंटरला पोचलो तेव्हा आई पंख्याखालची जागा धरून बसली होती. शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजीबाईंशी खाणाखुणांनी गप्पा रंगल्या होत्या. ईरा उसाचा रस पीत होती, आणि माझ्यासाठीही एक ग्लास घेऊन ठेवला होता.

"दमलास?" आईने विचारलं. मला वाटलं होतं, रागावेल. ती नाही रागावली, त्याने जास्तच लाज वाटली.

"चुकलंच माझं, आई."

"परीक्षेचं काही नाही रे," ती म्हणाली. "जन्मभर अनोळखी माणसांशी बोलून पोट भरलंय मी, मला वाट विचारायची भीती नाही. पण मला न्यायचं की नाही, हे तू एकटा ठरवत बसलास, ते लागलं जरा. ईरा अजून माझ्याबरोबर यायला तयार आहे. आणखी दोन वर्षांनी असेल का?"

मी तिथेच शीट उघडलं आणि तिच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह पुसलं. ईराने डोकावून खात्री करून घेतली.

परत निघालो. या वेळी लिफ्टने. पाया लेबारला गाडी बदलायला वर आलो तर मघाच्या त्या बाई अजून तिथेच होत्या. आईच्या हातातली बॅग बघून त्या हसल्या. "आंटी, दिस बॅग युअर्स?"

"येस, माइन," आई म्हणाली. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं, मला दोन पावलं पुढे ओढलं आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या त्या खणखणीत आवाजात सांगितलं, "अँड दिस वन ऑल्सो."